मगनदीप आणि अंगणातला उजेड

घरापुढच्या चार वाफ्यांच्या बागेसाठी दिवा घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो वॅटचा. किती वॅटचा हवा, पांढरा की पिवळा, सोलर की साधा? प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांच्याही आधी विचारायचा एक प्रश्न आहे: दिवा ज्यावर जळतो ते कुठून येते आणि त्याचा पैसा कुठे जातो? वर्धा जिल्ह्यात सुमारे नव्वद वर्षांपूर्वी तो नीट मांडला गेला आणि मांडणाऱ्यांनी व्याख्यानावर न थांबता एक दिवाच घडवून दाखवला. मगनवाडीत तयार झालेला, वनस्पती तेलावर जळणारा तो कंदील म्हणजे मगनदीप. आज त्याची आठवण फार थोड्यांना आहे, आणि ज्यांना आहे त्यांतले बरेचजण त्याला फसलेला प्रयोग म्हणतात. बाजारात तो हरला यात वाद नाही. पण तो ज्या हिशेबावर उभा होता तो हिशेब खोटा ठरलेला नाही, आणि अंगणात कोणता दिवा लावावा हे ठरवायला वॅटच्या आकड्यापेक्षा तोच जास्त कामाचा आहे. हे पटवायचे तर आधी रॉकेल येण्यापूर्वीच्या अंगणापासून सुरुवात करावी लागते.

त्या अंगणात उजेड होता, पण अंगण उजळलेले नव्हते. संध्याकाळी तुळशीपुढे पणती, दाराशेजारच्या दिवळीत एक दिवा, कार्तिकात बांबूवर चढवलेला आकाशदिवा, आणि देवळापुढे ऐपत असेल तर दीपमाळ. यांतला प्रत्येक दिवा एक जागा दाखवायचा: इथे दार आहे, इथे तुळस आहे, इथे पायरी संपते. सगळा परिसर दिसावा ही कुणाची अपेक्षाच नव्हती. रात्री फिरायचे झाले तर हातात दिवा किंवा टेंभा घ्यायचा, कारण भय होते ते विंचूकाट्याचे आणि ते पावलापुढच्या हातभर जमिनीत असते. हे भय किती खरे होते याची साक्ष सेवाग्रामला मिळते. साप न मारता पकडून दूर सोडता यावेत म्हणून वापरायचा लाकडी चिमटा आणि पेटी आश्रमात अजून जपून ठेवलेली आहेत. या दिव्यांना लागणारे तेल गावच्या घाण्यावरचे. तीळ, जवस, एरंडी, करंज, मोहाच्या टोळ्या, जे पिकेल किंवा वेचून मिळेल ते. सगळी तेले सारखी जळत नसत. जवसाचे तेल हवेने घट्ट होते, वात चिकट करते. एरंडेल मात्र सावकाश आणि स्वच्छ जळते, म्हणून पुढे भारतातल्या रेल्वेनेही आपल्या दिव्यांसाठी ते वापरले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या भागातल्या तेली समाजाच्या पोटभेदांत एक बैल जुंपणारे आणि दोन बैल जुंपणारे असा फरक नोंदवला आहे. घाण्याला किती बैल लावायचे यावरून पोटजातीचे नाव पडावे, इतका तो धंदा गावोगाव रुजलेला होता.

हे चित्र बदलले ते रेल्वेने. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा झाला, पालकवाडीच्या जागी वर्धा शहर १८६६ मध्ये वसवले गेले आणि १८६७ मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोचली. हिंगणघाटचा कापूस आणि शेतातली जवस याच रुळांवरून मुंबईमार्गे परदेशी जाऊ लागली. परतीच्या वाटेने जे आले त्यात रॉकेलचे डबे होते. आधी अमेरिकेचे तेल आले, मग रशियाचे. १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ हे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून रशियन रॉकेल घेऊन पूर्वेकडे आले आणि डब्यांच्या पेट्यांऐवजी जहाजाच्या पोटातूनच सुटे तेल आणण्याचे युग सुरू झाले. त्यानंतर ब्रह्मदेशच्या विहिरींचे तेल. तेलबी बाहेर जायची आणि तेल बाहेरून यायचे, अशी ही अदलाबदल होती; जवस पिकवणाऱ्या गावाला दिव्यासाठी पैसे मोजावे लागू लागले ते इथून.

रॉकेल का जिंकले हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण स्वदेशीच्या भरात ते बहुधा टाळले जाते. केवळ साहेबाच्या व्यापाराने ते जिंकले नाही. रॉकेल पातळ असते, त्यामुळे ते वातीतून चांगले तीन-चार बोटे वर चढते. म्हणून तेलाची टाकी खाली, ज्योत वर आणि मध्ये काच, असा वाऱ्यात न विझणारा, हातात धरून चालता येणारा कंदील बनवता येतो. गोडे तेल दाट. ते वातीतून थोडेच चढते, म्हणून पणतीची वात तेलात लोळत असते आणि ज्योत कडेला असते. पणती घेऊन वाऱ्यात गोठ्याकडे जाता येत नाही, कंदील घेऊन जाता येते. ज्याला कंदील परवडत नव्हता त्याने चिमणी केली: औषधाची रिकामी बाटली किंवा पत्र्याचा छोटा डबा, झाकणाला भोक, त्यात पत्र्याची नळी, नळीत जुन्या धोतराच्या चिंधीची वात. रॉकेल संपल्यावर डबा पाणी भरायला, धान्य ठेवायला, शेवटी उभा फाडून छपराला ठोकायला. आठवड्याच्या बाजारात वात, काच आणि टोपी सुटी मिळे, डाग लावून देणारा मिळे. एखादी वस्तू परदेशी असूनही गावात मुरते ती अशी. तिचा प्रत्येक भाग उघडता येतो म्हणून. मगनदीपाला ज्याच्याशी झुंजायचे होते तो गडी एवढा तयारीचा होता.

१९३४ च्या ऑक्टोबरात मुंबई काँग्रेसने ग्रामोद्योग संघाचा ठराव केला आणि डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात उभा राहिला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली संत्र्यांची बाग आणि तिच्यातले घर दिले. गांधीजींचे चुलत पुतणे मगनलाल, जे १९२८ मध्ये वारले, त्यांच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. घरापुढच्या बागेच्या दिव्याचा इतिहास एका बागेतच लिहिला जावा हा योगायोग, त्यावर काही इमले बांधायचे नाहीत. गांधीजी १९३५ मध्ये तिथे राहिले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गेले. संघाचा कारभार ज्यांच्या हाती होता ते चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांचा पेशा हिशेबाचा होता. लंडनला सनदी लेखापाल झालेला आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहार शिकलेला हा माणूस दिव्याकडे खतावणीच्या दोन बाजू म्हणून बघे. रॉकेलच्या बाजूला दर महिन्याला गावाबाहेर जाणारा पैसा. घाण्याच्या तेलाच्या बाजूला तेल्याला काम, बैलाला ढेप, शेताला खत आणि मग दिवा. पुढे चाळीसच्या दशकात तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात त्यांनी हाच हिशेब मोठा केला. जमिनीत ठरावीक साठा असलेली कोळसा-खनिज तेलासारखी साधने एका बाजूला. पाऊस, ऊन, झाडे यांनी दर वर्षी पुन्हा भरून येणारी साधने दुसऱ्या बाजूला. पहिल्यांवर उभे राहिलेले जीवन भांडणाकडे जाते, कारण साठा कुणाच्या तरी ताब्यात असतो, असे त्यांचे म्हणणे. मगनदीप हे या विचाराचे हातात धरण्याजोगे रूप होते, जसे मगनचुला हे बिनधुराच्या स्वयंपाकघराचे. कंदिलाची सोय, पण दाट तेलावर. म्हणजे वर सांगितलेली अडचण सोडवायची: तेल ज्योतीच्या जवळ ठेवायचे, तरी ते सांडता कामा नये, आणि वात काजळून मंद होता कामा नये. झवेरभाई पटेल यांच्यासारखे कार्यकर्ते त्याच काळात वर्ध्यात घाणा सुधारण्याच्या कामाला लागले होते, ते याच साखळीचे दुसरे टोक. तेल गावात स्वस्तात निघाले नाही तर दिवा कितीही चांगला करून उपयोग नव्हता.

कुमारप्पांचा इशारा खरा ठरायला फार वेळ लागला नाही. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी सैन्य येनानजावच्या तेलविहिरींपाशी पोचण्याआधी इंग्रजांनी त्या स्वतःच उद्ध्वस्त केल्या. भारतात येणाऱ्या रॉकेलचा एक मोठा झरा आटला आणि रॉकेल टंचाईचा जिन्नस झाले. आर्वी किंवा समुद्रपूरकडच्या एखाद्या खेड्यातल्या सपरीत टांगलेला कंदील हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या लढाईने विझू शकतो, हे तोवर पुस्तकी वाटणारे वाक्य एका उन्हाळ्यात व्यवहार झाले. इथे एक वर्धेकर गंमतही नोंदवावीशी वाटते. गांधीजींनी मगनवाडीतल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले ते ३० डिसेंबर १९३८ ला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘रेडिओ लॅम्प वर्क्स’ नावाची कंपनी नोंदली गेली होती, जी १९६० मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्स झाली. ज्या घराण्याच्या बागेत तेलाचा कंदील घडला, त्याच घराण्याचे नाव पुढे विजेच्या दिव्यांच्या खोक्यांवर घरोघरी पोचले. यात ढोंग शोधण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे एकच बाजारपेठ दिसत होती, आणि तिने कौल कुणाला दिला हे आपण जाणतो.

मगनदीपावरचा सर्वांत जड आक्षेप असा की तो माणसाच्या तोंडचे तेल जाळतो. ज्या दशकात बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली, त्या दशकात तिळाचे तेल दिव्यात ओतायला सांगणे क्रूर वाटते. ग्रामोद्योगवाल्यांचे उत्तर होते: न खाण्याची तेले वापरा, करंज, मोह, कडूनिंब. उत्तर तत्त्वाने बरोबर आहे, पण बी वेचण्याची मजुरी, वास, काजळी आणि मुख्यतः भाव यांच्यापुढे ते टिकले नाही. स्वातंत्र्यानंतर रॉकेल रेशनच्या दुकानात सवलतीने मिळू लागले आणि घाण्याला सवलत नव्हती. मग कोणता दिवा जिंकेल हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. म्हणूनच मगनदीप तंत्रात हरला असे म्हणणे मला अपुरे वाटते. तो मुख्यतः भावात हरला, आणि भाव सरकारने ठरवलेला होता. आता हाच हिशेब आजच्या पणतीला लावून पाहावा. भारत आपल्या खाद्यतेलाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. दिवाळीत अंगणात ओळीने लावलेल्या पणत्यांत मलेशिया-इंडोनेशियाचे पाम तेल जळत असण्याचा संभव भरपूर आहे. कुमारप्पांची खतावणी भावनेला भीक घालत नाही. मातीची पणती असली तरी तेलाचे खाते बाहेरचेच निघते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मंद दिव्याचे कौतुक ज्याच्या घरी वीज आहे त्याने करावे. ज्या पोरीने चिमणीच्या धुरात डोळे चोळत अभ्यास केला तिला उजेडाचे प्रवचन देऊ नये. हे मान्यच केले पाहिजे. साध्या चिमणीचा धूर घरात राहणाऱ्यांच्या छातीत जातो, तिचा उजेड पुस्तकाला पुरत नाही, आणि रात्री शेतावरून परतणाऱ्या बाईला रस्त्यावर दिवा हवा. पण वाचनाचा दिवा, रस्त्याचा दिवा आणि अंगणाचा दिवा ही तीन वेगळी कामे आहेत, हे जुन्या अंगणाला माहीत होते आणि बल्बने ते विसरायला लावले. साध्या कंदिलाचा उजेड काही दशक ल्यूमेनच्या घरातला. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचा सुमारे सातशे. आजच्या नऊ वॅटच्या एलईडीचा आठशे-नऊशे. खोलीत ही वाढ वरदान आहे. पायरी दाखवायला मात्र कंदील पुरत होता, आणि पायरी काही मोठी झालेली नाही.

विजेचे खांब या जिल्ह्यातल्या खेड्यांत आले ते प्रामुख्याने विहिरीवरच्या मोटारपंपाच्या निमित्ताने. घरातला आणि ओसरीच्या वळचणीखालचा बल्ब त्यांच्या मागून आला. वीज कोराडीची किंवा चंद्रपूरची, म्हणजे कोळशाची, म्हणजे पुन्हा कुमारप्पांच्या साठ्याची. पण अंगणाच्या दृष्टीने मोठा बदल दिव्याच्या जागेत झाला. दिवा जमिनीजवळून उठून डोक्यावर गेला आणि एकच दिवा फाटकापासून न्हाणीपर्यंत सगळे दाखवू लागला. त्याचा परिणाम पहिल्या पावसात कुणीही पाहू शकतो. मृगाच्या सरीनंतर हुमणीचे भुंगेरे आणि पाखरे झुंडीने दिव्यावर येतात. शेतकरी हे इतके नीट जाणतो की कपाशीच्या शेतात आणि जिनिंगच्या आवारात बोंडअळीचे पतंग धरण्यासाठी प्रकाश सापळे लावतो. ज्या गुणासाठी शेतात सापळा लावायचा, तोच गुण घरापुढे टांगायचा हा विचित्रच व्यवहार. दिव्याखाली किडे, किड्यांवर बेडूक आणि पाली, आणि बेडकामागे कधीमधी तोच साप, ज्याच्या भयाने दिवा लावला होता. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे अधिक ओढले जातात, पिवळसर उजेडाकडे कमी. म्हणजे दुकानदाराच्या ‘पांढरा की पिवळा’ या प्रश्नाचे उत्तर किमान वर्ध्याच्या पावसाळ्यापुरते ठरलेले आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला बोरचे जंगल आहे, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. त्याच्या कडेच्या हिंगणी-सेलूकडच्या गावांत तर वन्यप्राण्यांमुळे हा प्रश्न नुसत्या सोयीचाही उरत नाही.

२०१५ नंतर एलईडी झपाट्याने स्वस्त झाले. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले होते आणि पुढच्याच जानेवारीत केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. एका युनिटमध्ये पूर्वीच्या सात-आठपट उजेड मिळू लागला. अपेक्षा अशी होती की वीज वाचेल. खोल्यांत ती वाचलीही. अंगणात मात्र उजेड स्वस्त झाला तसे दिवे वाढले: कंपाउंडच्या प्रत्येक खांबावर एक, झाडाच्या बुंध्याशी खालून वर मारलेला एक, गेटवर पन्नास वॅटचा फ्लडलाइट. यावर म्हणतात की चोरापासून राखण होते. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि प्रखर दिवा एका क्षणात ती घालवतो. फ्लडलाइटच्या मागची सावली त्यामुळे अधिक काळी होते आणि लपणाऱ्याला तीच सोयीची. वर झाकण असलेला, खाली उजेड पाडणारा मंद दिवा, आणि गेटपाशी माणूस आल्यावरच लागणारा एक, याने राखण अधिक चांगली होते.

उरतो सोलरचा प्रश्न, आणि इथे मगनवाडीची खतावणी अनपेक्षित उत्तर देते. ऊन हे कुमारप्पांच्या भाषेत रोज भरून येणारे साधन. वर्ध्याला त्याची टंचाई नाही. मगनवाडीच्याच आवारात १९५५ च्या जमनालाल बजाज संशोधन संस्थेतून घडलेल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने सौर चरख्यावर काम केले, ते याच ओढीने. पण बागेत रोवायच्या स्वस्त सोलर दिव्यात ऊन हा फुकटचा भाग आहे आणि बॅटरी हा विकतचा. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात बंद प्लास्टिकमध्ये तापणारी बॅटरी लवकर मरते, श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात ती भरत नाही, आणि बहुतेक दिव्यांत ती उघडून बदलण्याची सोयच नसते. कंदिलाची काच आणि वात बाजारात सुटी मिळत होती. हा दिवा फक्त फेकता येतो. म्हणून मीटरपासून दहा पावलांवरच्या बागेला तारेवरचा, दोन-तीन वॅटचा, पिवळसर, पावसापासून नीट बंद केलेला आणि दहा वाजता मालवता येणारा दिवा हा सोलरपेक्षा सरस सौदा आहे, जरी त्याची वीज कोळशाची असली तरी. एवढ्याशा दिव्याला रात्रभर लागणारी वीज एका युनिटच्या तीस-चाळीसाव्या भागाहून जास्त नसते. शेतातल्या झोपडीला, विहिरीला किंवा तार न पोचणाऱ्या फाटकाला सोलर घ्यावा, पण स्क्रूने उघडणारा, आणि ज्याची बॅटरी हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या दुकानात सुटी मिळते असा. दुकानदाराला वॅट सांगण्यापूर्वी ती बॅटरी दाखवायला सांगावी.